डिपटीसाहेबांच्या हातातले टमरेल

मित्रांनो, नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या! मी एक जुने टमरेल आहे. होय, परसाकडचेच.

गुहागरच्या काशीरामाने घासलेटाच्या डब्यातून मला कापले, कान जोडला आणि शाळेला देऊन टाकले. शाळेमागच्या पोफळीच्या बागेत, विहिरीच्या काठावर मी निवांत बसे. पण शाळा तपासून परीक्षा घ्यायला डिपटीसाहेब आले, की जिवाला उसंत नाही! चौथीची पोरे पोट धरून धावत येत. रावजी मास्तर छडी आपटत, "शिंच्यांनो, सोंगं काढता?" सोंगे कसली डोंबलाची! रिकामे मी होत होते, मला ठाऊक.

एकतीस साली सगुणा चौथीत होती. पोर मोठी हुशार. पण तिचा बाप भिकाजी तांडेल बजावून बसला होता, "पास झालीस तर पाचवीत जा गो. नाय तर उद्यापासून चूल सांभाळ."

परीक्षेच्या सकाळी वाटेतल्या प्रत्येक घराने मायेने तिच्या हातावर दही ठेवले. आधीच पोटात भीतीचा गोळा, त्यात हे दही. बिचारी सारखी माझ्याकडे येऊ लागली. शेवटी मला उराशी धरून विहिरीपाशी रडतच बसली. "आता मी वर्गात जात नाय. सगळा विसारलंय."

तेवढ्यात डिपटीसाहेब धावत आले. पगडी एका कानावर! "पोरी, ते टमरेल दे आधी!"

परत आले तेव्हा सगुणाने डोळे पुसत विचारले, "तुमीपन दही खाल्लंत?"

"दही नाही गं. माझे थोरले साहेब वर्गात बसलेत, माझं काम बघायला. त्यांना पाहिलं की माझं असंच होतं."

"मग काय करता?"

"हे करतो. मग तोंडावर पाणी मारतो, श्वास सावकाश सोडतो, आणि जे येतं तिथून सुरुवात करतो. भीती राहते थोडी. राहू देतो."

सगुणा रडता रडता फिसकन हसली. मग दोघांनी माझ्यातल्याच पाण्याने तोंडे धुतली. हा मान कुठल्या चांदीच्या तांब्याला मिळाला असेल, सांगा!

वर्गाची खिडकी विहिरीकडेच उघडे, म्हणून मला सारे कळले. साहेबांनी दिडकीचा पाढा विचारला. सगुणा म्हणाली, "आधी पावकी म्हणू? ती येते." पावकीत आवाज मोकळा झाला आणि मग दिडकीही घडाघडा आली. पोर पास झाली! खिडकीतून ऐकणाऱ्या भिकाजीने डोक्यावरची टोपीच उडवली.

तिच्यानंतर वर्गातला सदू उभा राहिला तो पोट धरूनच. मास्तरांनी छडी उगारली. डिपटीसाहेब थोरल्या साहेबांदेखत म्हणाले, "जाऊ द्या हो मास्तर. मीही आत्ताच जाऊन आलो."

आता मला भोक पडले आहे, कान निखळला आहे. तरी एवढे ऐका. परीक्षेला पोट बिघडले म्हणून कुणाला हसू नका, मारू नका. तुमचे बिघडले तर लाजू नका, जाऊन या. आणि येताना टमरेल भरून ठेवा. पुढचा फार घाईत असतो.