एका तारेवरचा ‘स्टक-अप’

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझं नाव ‘स्टक-अप’. जो स्वतःला फार मोठा समजतो, शेजाऱ्यांशी बोलायलाही ज्याला कमीपणा वाटतो, त्याच्यासाठी माझा जन्म. मित्रांनो, खऱ्या शिष्टांना मी कितीदा जमिनीवर आणलं! लोक हसत, आणि मला धन्य वाटे. पण १९३१ साल मला विसरता येत नाही.

कॅनडात सस्कॅचेवानच्या माळावर तेव्हा साऱ्या शेतघरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. प्रत्येक घराच्या घंटेची खूण वेगळी, पण ती वाजे सगळ्या घरांत; कोणाचीही वाजो, घरोघरच्या बायका फोन उचलून ऐकत. त्यात चोरी नव्हती. कोणाची गाय अडली, कोण तापाने फणफणलं, ते असंच कळे आणि मदत धावे.

विनिफ्रेड विनिपेग शहरातून, इथल्या ऑस्करशी लग्न होऊन आलेली. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, हे तिला आईने शिकवलेलं. स्वतःच्या घंटेखेरीज ती फोनला हात लावत नसे.

“ऑस्करच्या बायकोने आजही फोन उचलला नाही गं,” शेजारीण थोरा तारेवर म्हणाली.

“कशाला उचलेल? आपल्या कोंबड्या-डुकरांच्या गप्पा राणीसाहेबांना कुठल्या रुचायला!” दुसरी शेजारीण गुड्रुन फिसकन हसली. “स्टक-अप आहे मेली!”

झालं. तारेवरून मी घरोघर पोचलो. ‘अहो, ती गर्विष्ठ नाही, भिडस्त आहे,’ हे सांगायला मला तोंड कुठलं?

फेब्रुवारीत ऑस्कर गहू घेऊन बाजारगावी गेला आणि बर्फाचं वादळ उठलं. घरी तान्ह्या बाळाचा श्वास घशात अडकू लागला. विनिफ्रेडने फोन फिरवला. “डॉक्टर लांब बाळंतपणाला गेलेत हो,” टेलिफोन कचेरीतली मुलगी म्हणाली. साऱ्या बायका ऐकत होत्या. किटलीची वाफ दे, एवढं तरी कुणीही सांगितलं असतं. थोराने तोंड उघडलंही. पण मी मध्ये आडवा आलो, आणि तिच्या मनात आलं, ‘नको बाई. तिला कुठं आपण लागतो?’

तारेवर कुणीच नाही असं समजून विनिफ्रेडने फोन ठेवला. बाळ संध्याकाळी गेलं.

दफनाच्या दिवशी गुड्रुन पाव भाजून घेऊन गेली. “एक हाक मारायचीस गं पोरी. आम्ही सगळ्या तारेवरच होतो.”

विनिफ्रेडने विचारलं, “तुम्ही... ऐकत होतात?”

बर्फ वितळताच ती माहेरी गेली ती कायमची. वर्षभराने ऑस्करही शेत विकून तिच्यामागे गेला. थोराने घरातला फोनच काढून टाकला. गुड्रुन मात्र मरेपर्यंत, फोन उचलला की आधी म्हणे, “मी गुड्रुन. ऐकतेय.” मला तिने पुन्हा कधी उच्चारलं नाही.

मी अजून तोंडोतोंडी फिरतोच आहे. मित्रांनो, कुणाच्या ओठांवर यायचं आणि कुणावर पडायचं, हे माझ्या हाती नाही. म्हणून तुमच्यापुढे पदर पसरतो: मला कुणावर टाकण्याआधी एकदा त्याच्या दारी जा, दोन शब्द बोला. माणूस खरंच गर्विष्ठ निघाला, तर मी कुठं पळून जातोय?