ताटावरचा हात

"आई, बस ना! कढी ताटाबाहेर वाहून राहिली," आल्हाद म्हणाला.

शकूच्या हातातली पळी थांबली नाही. नवऱ्याच्या, मुरलीधरच्या वर्षश्राद्धाचं, गच्चीवर कावळ्यासाठी ठेवायचं पान वाढायचं होतं, आणि हिंदी मुलखातल्या गढा वस्तीतल्या त्या घरात ती सकाळपासून अर्धवट झोपेत असल्यासारखी वावरत होती. कोवळं ऊन, तळल्या वड्यांचा वास, समोर ताट. ताटापलीकडचा पाट रिकामा होता. तिला मात्र तो रिकामा दिसेना.

मुरलीधर कारखान्यात फिटर होता. त्याला इंग्रजी एकाच शब्दापुरतं येतं, असं शकू चारचौघांत चिडवायची. कँटीनमध्ये कुण्या साहेबाच्या तोंडून त्याने तो उचलला होता. ती दुसऱ्यांदा वाढायला आली, की ताटावर हात आडवा धरून म्हणायचा, "प्लेंटी!" आणि वर असा रुबाबात ढेकर द्यायचा, जणू पंचपक्वान्नंच झाली.

नात प्रणोती शाळेत जायला लागली, तेव्हा तिने आजोबांची चूक काढली. "आजोबा, प्लेंटी मतलब भरपूर. बस बोलना हो तो इनफ बोलो ना."

"भरपूर आहे म्हणूनच तर बस म्हणून राहिलो, बेटा," तो हसला.

शकू तेव्हा पाठ फिरवून शेगडीपाशी उभी राहिली. तिला जुने दिवस आठवले. दोन दीर शिकायला घरी, आल्हाद वाढत्या अंगाचा. पळी पातेल्याच्या बुडाला खरडली, की त्या आवाजासरशी मुरलीधरचा हात ताटावर यायचा.

"घ्या ना जी, आहे अजून," ती रेटून म्हणायची.

"प्लेंटी."

दोघंही खोटं बोलायची आणि दोघांनाही ते कळायचं. तो हात तिने कधी बाजूला सारला नाही. सारून वाढणार काय होती, कप्पाळ?

पुढे बरे दिवस आले तरी सवय गेली नाही. जित्याची खोड, ती मेल्याशिवाय थोडीच जाते! आज पातेलं काठोकाठ भरलं होतं आणि ताटावर हात नव्हता. शकूने आणखी एक वडा ठेवला. मग त्याच्या आवडीची पाटोडी, मग खीर. अडवणारं कुणी नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना.

"काहून असं करता, आई?" सून मेघना हळूच म्हणाली.

"खाऊ दे त्यांना. एक दिवस तरी पोटभर खाऊ दे."

आल्हाद आईकडे बघतच राहिला. पातेल्यातला शेवटचा भात लहानपणी कुणाच्या ताटात पडायचा, हे बहुधा त्याला आत्ता उमगलं. तो पुढे झाला, बापाच्या पाटावर बसला आणि त्याने ताटावर हात आडवा धरला.

"प्लेंटी, आई," तो म्हणाला.

शकूने त्या हाताकडे खूप वेळ पाहिलं. मग तो अलगद बाजूला सारला आणि आणखी एक पळी खीर वाढली.

"आता ने गच्चीवर," ती म्हणाली.