भागीच्या पदरातला तांबडा दाणा

मी तांबड्या भाताचा दाणा बोलतोय. तोंडाला पाणी सुटू देऊ नका, अजून सालासकट आहे.

माझं मूळ पेणच्या खाजणातलं. खारं पाणी पायाशी आलं की पांढरे भात माना टाकतात. आम्ही निर्लज्जासारखे उभे. ते आम्हाला कुणी शिकवलं नाही. आईबापाकडून पोटात आलं, बस्स.

भागी पेणहून लग्न होऊन गोड्या पाण्याच्या कडावला आली, तेव्हा आमची मूठ तिच्या ओटीत होती. दरसाल बांधाकडेला ती आम्हाला लावायची. सासू सोनुबाई हिणवायची, "गुरांना घाल गं ते तांबडं."

एका साली उधाणानं पेणला भागीच्या बापाचा, चांगोचा, बांध फुटला. कणगीतलं सगळं बियाणं वाहून गेलं. मीठ विकणाऱ्या चिमाबरोबर त्यानं निरोप धाडला, "तुज्याकडं बियाणं हाय का गं बाय? का गोड मातीत राहून खार विसरलं?"

भागीनं दोन फुटक्या मडक्यांत रोपं लावली, एकात पांढऱ्याची, एकात आमची. चिमाकडचंच मीठ पाण्यात कालवून घातलं. आठ दिवसांत पांढरी करपली. आमची ताठ.

"विसरलं नाय. न्यायला या," भागीनं चिमाकडनंच कळवलं. सासूला मात्र बोलली नाही. परत टोमणे कोण ऐकणार?

चांगो खोपोलीपर्यंत चालत, पुढं आगगाडीनं आला. भागी शेतावर होती. व्याही पहिल्यांदाच दारात, त्याला त्याच्या घरचाच भात वाढू, म्हणून सोनुबाईनं आमचं बियाण्याचं गाडगं सगळं उखळात ओतलं. पहिल्याच घावाला मी उडी मारली आणि जात्यामागं लपलो. भाऊ सगळे कांडले गेले.

भागी परतली तेव्हा बाप जेवत होता.

"घ्या की अजून. तुमच्यासाठीच कांडला सगळा," सोनुबाई आग्रह करत होती.

चांगोचा हात ताटात थांबला. त्यानं लेकीकडं बघितलं. तिनं पदर तोंडात धरला.

"चांगला शिजलाय, विहीणबाई," तो म्हणाला. एक शीत टाकलं नाही त्यानं.

तो निघताना केरात मी भागीला सापडलो. धावत जाऊन तिनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. म्हाताऱ्यानं मला फिरवून बघितलं, परत तिच्याच हातात दिलं.

"तू लाव. मी नसलो तरी खार तितंच हाय."

आता मी तिच्या पदराच्या गाठीत आहे. दाण्याची लोंबी, लोंबीची मूठ, मुठीचं शेत. चांगोकडं तेवढे पावसाळे नाहीत.

सोनुबाई, पुढच्या वेळी कुणाला मान द्यायचा असेल, तर पांढरा शिजवा.