ड्रमाची सवत

कालिंदी देशपांडे यांनी आयुष्यभर वर्तमानपत्राची रविवार पुरवणी काढली, त्यामुळे निवृत्त झाल्या तरी हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. स्त्री-पुरुष संबंधांवर संशोधन करणाऱ्या नव्या पोरापोरींना चार लोकांना कळेल असं लिहायला शिकवायचं, हा त्यांनी हौसेनं अंगावर घेतलेला उद्योग. पोरं हुशार, पण लिहायला बसली की त्यांच्या अंगात विद्यापीठ संचारायचं.

मोनालीचंच घ्या. विषय काय, तर दुष्काळात नवरा-बायकोच्या संसाराचं काय होतं. ती राहायची त्या पडेगावच्या गल्लीत प्लॉट पडले, घरं उठली, नळ तेवढे आले नाहीत. टँकर येईल तेव्हा ड्रम भरायचे, आणि पाणी चोरीला जाऊ नये म्हणून गल्लीतले पुरुष रात्री ड्रमाशेजारी बाज टाकून निजायचे. त्यावर एक बाई मोनालीला बोलून गेली होती, "ड्रम म्हंजी माझी सवत. मालक जेवत्यात माझ्यापाशी अन् निजत्यात तिच्यापाशी."

एवढं सोन्यासारखं वाक्य, आणि खाली मोनालीनं लिहिलं होतं, 'सहभागी क्रमांक सात'.

"खरं नाव देता येत नाही मॅडम. नियम आहे."

"मग खोटं दे. क्रमांकाला कधी सवत असते का?" असं म्हणून कालिंदीबाईंनी लाल पेनानं 'दगडाबाई' लिहिलं. हल्ली असलं नाव असतं कुणाचं? मोनालीनं तोंड उघडलं होतं, पण बाईंची गाडी तोवर स्वल्पविरामावर गेली होती.

रविवारी लेख आला आणि सोमवारी मोनालीचा फोन. "मॅडम, दगडाबाई आमच्याच गल्लीत राहतात. आणि जिचं बोलणं होतं ती गीताबाई माझ्याशी बोलेना झालीय. बायकांनी तोंडं मिटली तर माझी पीएचडी इथंच संपली."

"हे आधी सांगायचं नाही?"

"सांगत होते. तुम्ही स्वल्पविराम शिकवत होतात."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी गुलमंडीतून पेढे घेऊन त्या मोनालीबरोबर आधी दगडाबाईंच्या दारात गेल्या. शिव्या खायची तयारी होती, मिळाला चहा.

"मी कशाला रागावू?" दगडाबाई म्हणाल्या. "लेख वाचून टपरीवर समद्यांनी आमच्या मालकांना धरलं. लई लाजले. ड्रमाला साखळी-कुलूप लावलं अन् बाज घरात आणली. मी वरीसभर सांगून थकले व्हते."

गीताबाई मात्र आपल्या दारात तांदूळ निवडत होती, मान वर करेना. कालिंदीबाईंनी हात जोडले. "चूक माझी आहे. या पोरीवर राग धरू नका. तुमचं नाव झाकायला म्हणून..."

"झाका म्हणलं कुणी?" गीताबाईनं सूप खाली ठेवलं. "बोलले मी, अन् नवरा तिचा घरात आला?"

मोनालीला हसू फुटलं.

"हसू नको, पोरी. रातच्याला पत्रा वाजला तरी मी दचकून उठते. ते आत असले म्हंजी झोप लागती. त्यांच्यापाशी म्हणायची लाज वाटती, म्हणून तुझ्यापाशी गंमत केली."

मोनाली तिच्याजवळ उंबऱ्यावर बसली. "मावशी, खरं नाव छापू?"

"छाप. त्यांचंबी छाप. मी काय ते तोंडानं घेत नाय, पर तुला ठावं हाय."

पुढच्या रविवारी खुलासा आला: सदर उद्गार दगडाबाई यांचे नसून गीताबाई कडुबा, पडेगाव, यांचे आहेत.

सोमवारी पुन्हा फोन. "मॅडम, कडुबाकाकांनी साखळी आणली. बाज आत आली. गीताबाईनं मला जेवायला बोलावलंय."

"वा! मग आवाज का पडलाय?"

"दगडाबाई भडकल्यात. आपल्यावर लिहिलंच नव्हतं म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, अप्पारावांनी, बाज परत बाहेर टाकली."

कालिंदीबाईंनी कपाळाला हात लावला आणि लाल पेनाला टोपण घातलं. "त्यांना सांग, पुढचा लेख त्यांच्या तोंडचा. आणि हे बघ, नाव काय घालायचं ते त्यांनाच विचार."