‘ठ’ची जागा

“पंधरा बाइट कमी पडतायत, वहिनी,” ठोके म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

टीव्ही दुरुस्त करताना आधी त्याला एक थाप मारून बघायची सवय, म्हणून सगळे त्यांना ठोके म्हणत. खरं आडनाव आता त्यांनाच वापरावं लागत नसे. वहिनी म्हणजे त्यांचे मित्र घड्याळजी यांची बायको. समोरचा चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर घड्याळजींच्याच टेबलावर होता. कळफलकाच्या पोटात सगळं यंत्र, पडदा म्हणून जुना टीव्ही. त्याच्यासाठी मराठीत बोलणारी ऑपरेटिंग सिस्टिम घड्याळजींनी लिहिली होती आणि माणसाचा प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर ठोक्यांनी. घड्याळजी हिवाळ्यात गेले. आज दोन्ही मिळून बीटा म्हणून इंटरनेटवर सोडायचं, असा शब्द ठोक्यांनी जुन्या यंत्रांच्या शौकिनांना देऊन ठेवला होता. आणि सकाळीच कळलं, की लांबलचक प्रोग्राम दिला की कंपायलर गप्प बसून राहतो. उपाय एका ओळीचा होता, पण मेमरी काठोकाठ भरलेली.

वहिनींनी बीटा म्हणजे काय ते विचारलं. अजून चुका असतील, वापरून बघा आणि कळवा, असं सांगून हाती द्यायचं, असं ठोक्यांनी समजावलं.

“अस्सं. मग ह्यांच्या आईने ह्यांना माझ्या हाती दिलं, ते बीटाच होतं. फक्त कळवायचं कुणाला ते नाही सांगितलं.”

ठोके हसले. मग वहिनींनीच सुचवलं, की सुरुवातीचं ते वाक्य काढून टाका. यंत्र चालू केलं की पडद्यावर यायचं: ‘आलात? बसा.’ घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की घड्याळजी भिंगातून डोळा न काढता असंच म्हणत. ते काढलं की जेमतेम भागणार होतं.

“नसलं तर काय बिघडतंय?” वहिनी म्हणाल्या, पडद्याकडे न बघता. आणि चहा टाकायला आत गेल्या.

ठोके एकेक अक्षर तपासत बसले. प्रत्येक अक्षराची आकृती घड्याळजींनी ठिपके मांडून घडवलेली, आठ बाइटची. सगळी काही मावली नव्हतीच. ‘ढ’ आणि ‘ज्ञ’ आधीच बाहेर होते. ‘ठ’ दोनच ठिकाणी निघाला. चूक दाखवणाऱ्या ‘कुठे चुकलं’चं त्यांनी ‘ओळ बघा’ केलं. दुसरा होता सुरुवातीच्या वाक्याखाली येणाऱ्या कर्त्यांच्या नावांत. नुसतं नाव काढून भागेना, म्हणून त्यांनी अक्षरही काढलं. सोबतच्या टिपणात लिहिलं: ‘ठ’ तूर्त नाही. आणि उपायाची ओळ बसवून सगळं इंटरनेटवर सोडलं.

चहा ठेवून वहिनींनी यंत्र चालू केलं. ‘आलात? बसा.’ खाली एकच नाव, घड्याळजी.

“भावजी, तुमचं नाव?”

“बीटा आहे. चालायचंच.”

वहिनींनी खुर्ची ओढली. कळांवर घड्याळजींनी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यांतला ‘ठ’ शोधून त्यांनी तो एका बोटाने दाबला. पडद्यावर काही उमटलं नाही; अक्षराएवढी मोकळी जागा तेवढी सुटली. मग शोधत शोधत त्यांनी उरलेलं नाव पुरं केलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “जागा तरी धरलीय तुमची.”

चित्र काही हलत नव्हतं. तरी ठोक्यांनी टीव्हीला हलकेच एक थाप मारली.