मनकर्णाचा बिनमोटरीचा बोर

ऐका ना, तामसीकडच्या मनकर्णाच्या बोराले सारं गाव हसे. तिनंच हट्टानं पाडलेला, साडेतीनशे फूट, अन् पानी म्हनाल तर मोटर बसवन्यापुरतंही नाही! तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ नागोराव, बुजवाच म्हनत, "लेकरू पडलं म्हंजे?"

त्या साली दसऱ्याले सरकारनं आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे केल्ते. अन् निरोप आला, उटनूरचे भूगर्भवाले वामनराव बोराबोरातून जमिनीची ऊब मापाले येऊन राह्यले. नागोरावनं ट्रॅक्टरभर दगडं आनून ठेवले. "मापू द्या, मंग बुजवतो."

"बिनमोटरीचाच पाह्यजे मले," वामनराव बोरात ऊब मापायची तार सोडता सोडता म्हनले. "इथं पानी हालत नाही. उन्हाची ऊब लई हळू उतरते वहिनी. दोन-तीनशे फुटांवर तुमच्या आजेसासूच्या काळची ऊब-थंडी अजून असंन."

मनकर्णा पाहतच राह्यली. पायाखाली निजामाच्या वक्ताचे हिवाळे, ज्वारीवरचं दव, एकाखाली एक, गोधड्यांसारखे घडी घातलेले! वर जिल्हा कापला, खाली कोन कापते?

"घ्या! बोरात आता थंडी पिकते," नागोराव हसले.

तेवढ्यात वामनराव थबकले. "हे आकडे असे काऊन? कोनी पानी टाकलं काय?"

मनकर्णानं घागरीकडं पाह्यलं. तिच्या बोराले पह्यल्यांदाच कोनी पाहाले येत होतं, म्हनून सकाळीच तिनं हळद-कुंकू वाहून त्याले आंघोळ घातल्ती. घागरभर, अन् तेही कोमट! सांगावं तर माप वाया, दगडं बोरात. नाही सांगावं तर कागदावर तिच्या चुलीची ऊब! अन् भासऱ्यापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

पदर सावरून ती बोलली. "मीच टाकलं. भाऊजी, मले पंधरा दिवस द्या. झाकन लावून मी राखन करते."

"एका आंघोळीले पंधरा दिवस!" नागोराव म्हनले. पन ट्रॅक्टर वळवला.

रोज ती बोराच्या पाइपाले हात लावून बसे. वाटे, आजचं ऊनही असंच खाली चाललं, कोन्या नातसुनेकडं.

सोळाव्या दिवशी तार परत उतरली. खाली जावं तशी ऊब कमी कमी, कितीतरी फूट. अन् मंग धरतीच्या पोटातली तिची स्वतःची ऊब लागली.

"आधीच्या काळात गारवा होता," वामनराव हळूच म्हनले. "ही वरची ऊब अलीकडच्या साठ-सत्तर वर्षांची."

मंग नागोराव बोराजवळ उकिडवे बसले, अन् चक्क मनकर्णालेच इचारलं, "म्हंजे आमची माय लग्न होऊन आली, तो हिवाळा कुठंसा असंन?"

मनकर्णानं तारेवर बोट ठेवलं. "अजून खाली, भाऊजी."