पांढऱ्या शालीचा नियम

किमयाला मी त्या खेळात घेणारच नव्हते. माझी पाच वर्षांची पोर, थंडीचे दिवस, आणि जागा धारच्या बाहेर, मांडूच्या रस्त्याला, भैयासाहेबांचं शेत. देवासहून निघताना स्वेटर, कानटोपी, खोकल्याचं औषध, सगळं मी पुन्हा पुन्हा तपासत होते. नवरा फॅक्टरीच्या बसकडे जाता जाता म्हणाला, "पिकनिकला चालली आहेस की युद्धावर?"

खेळ माझाच होता. इंदूरला कॉलेजात असताना मी असे खेळ खेळले होते. स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत, पाठ केलेले संवाद नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि दिवसभर तेच होऊन वावरायचं. आमच्या मराठी मंडळातल्या पोरांना मराठी वाचता येत नाही, नाटक बसवायचं म्हणजे संवाद हिंदीत लिहून द्या. म्हटलं, या निमित्ताने निदान मराठीत बोलतील तरी.

कथा धारचीच घेतली. मुंज राजाला ज्योतिषी सांगतो की गादीवर तुझा पुतण्या भोज बसणार. मुंज आपल्या सरदाराला, वत्सराजाला, हुकूम देतो, पोराला रानात ने आणि मार. वत्सराजाला हात काही उचलवत नाही. तो भोजाला लपवून ठेवतो आणि खोटं मुंडकं आणून दाखवतो. मग मुंजच धाय मोकलून रडतो, आणि एक योगी येऊन भोजाला 'जिवंत' करतो. लहान मुलगा कुणी मिळाला नाही, म्हणून भोज झाली किमया.

देवासला गणपतीत पहिला प्रयोग केला होता. तेव्हा लढाईत मेलेली मंडळी कोपऱ्यात समोसे खात बसली, जिवंत लोक त्यांच्याकडे चटणी मागायला जात होते. सगळा विचका. म्हणून या वेळी नियम कडक केला. जो मेला त्याच्या अंगावर पांढरी शाल. पांढरी शाल दिसली की बघायचं नाही, बोलायचं नाही, आडवी आली तर बाजूने निघून जायचं. मेलेल्यानेही बोलायचं नाही.

"कुणीही म्हणजे कुणीही," मी सकाळी सगळ्यांना दटावलं. "हसलात तर घरी."

भैयासाहेब मुंज झाले होते. सत्तरीचे, नात्याचे नसले तरी मला सूनबाई म्हणणारे, पूर्वज धारच्या दरबारात कारभारी. ते मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "सूनबाई, आमच्या घरात हुकूम मोडण्याची चाल नाही."

वत्सराज झाला हर्षित, देवासचाच, इंजिनिअरिंगला आहे. त्याने किमयाला शाल पांघरून शेतावरच्या सोयाबीनच्या गोदामात न्यायचं होतं. तिथे शिवांगी तिच्याजवळ बसणार होती, बिस्किटं आणि मोबाइल घेऊन, संध्याकाळपर्यंत. मग तीच भगवं नेसून योगिनी होणार आणि किमयाला बाहेर आणणार.

"तू जागची हलणार नाहीस ना?" मी शिवांगीला विचारलं.

"ताई, टेंशन मत लो. किती वेळा विचाराल?"

दुपार उतरली तेव्हा हर्षितने किमयाला खांद्यावर बसवून नेलं. ती हसत होती. रानातून यायला लागेल तितका वेळ काढून, दोनेक तासांनी तो एकटाच आला. हातात लाल कापडात गुंडाळलेलं मडकं. त्याने ते मुंजापुढे ठेवलं. मी भोजाची आई, सावित्री. मला रडायचं होतं. मडक्याकडे पाहिलं आणि खोटं रडायला बसलेली मी खरंच रडू लागले. आजूबाजूच्या बायकाही रडायला लागल्या.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर ओढला.

हलकासा. मग परत. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसलं, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. ती किमया होती हे मला वळण्याआधीच कळलं होतं. मी वळले नाही. वीसेक माणसं माझ्याकडे बघत होती, खेळ पहिल्यांदाच असा जमला होता. शिवांगी मागेच असेल, नेईल तिला, असं मी मनात म्हटलं. पदर आणखी एकदा ओढला गेला, जरा जास्त वेळ. मग सुटला.

रडणं आवरून मी मागे पाहिलं तर कुणी नव्हतं. गोदामात गेले. शिवांगी दाराशी हातावरची मेंदी बघत बसलेली. आत पोती, बिस्किटाचा न फोडलेला पुडा.

"किमया कुठंय?"

तिने मान खाली घातली. "राणीसाहेब, राजकुमार तर गेले ना."

"शिवांगी, खेळ सोड. किमया कुठंय?"

"शोक आवरा, राणीसाहेब," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी अंगणात धावले. ओरडले, "खेळ थांबवा! माझी मुलगी सापडत नाहीये!" आणि त्यांना वाटलं, काय काम करतेय! बायका छाती पिटायला लागल्या. भैयासाहेब खुर्चीतून उठले, हात पसरून म्हणाले, "दासींनो, सांभाळा हिला. पुत्रशोकाने हिचं भान हरपलं आहे." दोघींनी मला धरलं. मी जितकी किंचाळत होते तितके ते आपापल्या पात्रात आणखी आत शिरत होते. मीच शिकवलं होतं तसं.

"विहीर!" मी म्हणाले. "भैयासाहेब, तुमच्या विहिरीला कठडा नाही!"

गोष्टीत विहीर कुठेच नव्हती. भैयासाहेबांचा हात हवेतच राहिला. "अरे देवा," ते त्यांच्या रोजच्या आवाजात म्हणाले. "थांबा सगळे."

मग कळलं ते असं. हर्षितने गोदामापाशीच तिला शाल पांघरली. "शाल ओढ़ाई तो फिर बोल नहीं सकता ना, ताई. मैं पलट गया. शिवांगी समोरच होती." आणि शिवांगी म्हणाली, "मी तोवर योगिनी कुठे झाले होते? ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तोंड फिरवलं. तुम्हीच म्हणालात ना, कुणीही म्हणजे कुणीही." स्वयंपाकाकडच्या बायकांनी तिला चुलीजवळून जाताना पाहिलं होतं आणि नजर वळवली होती. एकाच्या पायाशी ती बराच वेळ बसली होती म्हणे. त्याने पाय आखडून घेतला.

दोन तास माझ्या मुलीकडे कुणीही पाहिलं नव्हतं. आणि शेवटी ती माझ्याकडे आली होती.

पुरुष विहिरीकडे धावले. मी बांधावरून उलट्या बाजूला गेले, का ते माहीत नाही. गव्हाच्या पलीकडे, शेताच्या टोकाला भैयासाहेबांच्या घराण्यातल्या जुन्या समाधीच्या छत्र्या आहेत, दगडी खांब, वर घुमट, आता कुणाच्या ते त्यांनाही सांगता येत नाही. ऊन पिवळं पडून जमिनीला टेकलं होतं. शेवटच्या छत्रीच्या ओट्यावर पांढरी शाल दिसली.

किमया पाय हलवत बसली होती आणि हळू आवाजात बोलत होती. मी जवळ जाताच गप्प झाली.

"किमू!"

तिने वर पाहिलं नाही. मी समोर बसले, तिचे गाल धरले. गाल थंड. तिची नजर माझ्यातून आरपार मागच्या गव्हावर. मी शाल ओढून काढली आणि सवयीने माझ्याच खांद्यावर टाकली. तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी तुझा पदर ओढला," ती म्हणाली.

"हो गं बाळा. चुकलं माझं. चल, घरी जाऊ."

"यांच्याशी पण कुणी बोलत नाही." तिने शेजारच्या रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. "त्या म्हणाल्या, तुझी आईसुद्धा नाही बघणार. मी म्हटलं, बघेल."

"कोण त्या?"

"या काय. तू नमस्कार कर ना. त्याशिवाय मी नाही येणार."

मी तिला उचलायला गेले तर उचलता येईना. माझीच पोर, सोळा-सतरा किलोची. रोज कडेवर घेते. ती ओट्याला चिकटल्यासारखी जड झाली होती आणि रडतही नव्हती, नुसती वाट बघत होती.

तेवढ्यात बांधावर हर्षित आला. धापा टाकत अगदी छत्रीपर्यंत आला. माझ्या तोंडासमोर उभा राहून त्याने चारी बाजूंना पाहिलं. त्याची नजर माझ्यावरून गेली, किमयावरून गेली, कुठेही अडली नाही. "हर्षित!" मी म्हटलं. तो वळला आणि गव्हाकडे तोंड करून मागच्यांना मोठ्याने ओरडला, "यहाँ भी कोई नहीं है, भिया!" त्याचे डोळे रडून लाल झाले होते. तो खेळत नव्हता.

 मी किमयाकडे वळले. "कुठे बसल्यात त्या? दाखव."

"इथे. वर बघ, उंच आहेत."

मी वर पाहिलं. दगडी खांब होता, त्यावर एक मुंगळा चढत होता. मी तिथेच नजर रोखली, जिथे माणसाचे डोळे असतील तिथे, आणि हात जोडले. "नमस्कार करते, बाईसाहेब. मुलगी सांभाळलीत. आता मला द्या."

काही झालं नाही. वाराही नाही.

"त्यांना थंडी वाजते," किमया म्हणाली.

मी खांद्यावरची शाल काढली, उघडली आणि कुणाच्या अंगावर घालावी तशी घातली. हात सोडले. शाल खाली पडली का, हे मी पाहिलं नाही. किमयाला उचललं. ती पिसासारखी वर आली.

"ताई!" मागून हर्षित किंचाळला. "अरे, मी आत्ताच तर इथे बघितलं! तुम्ही कुठून आलात?"

मी किमयाला घेऊन चालू लागले. अंगणात सगळ्यांनी किमयाला हात लावला, नाव घेऊन हाका मारल्या, शिवांगी तर तिच्या पायाशीच बसून रडली.  भैयासाहेबांनी फक्त विचारलं, "शाल?" मी म्हटलं, "दिली." त्यांनी मान हलवली आणि आत निघून गेले.

परतताना गाडी हर्षित चालवत होता, शिवांगी त्याच्या शेजारी. मागे किमया खिडकीशी मला टेकून, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला वेषांचं गाठोडं. घाटाबिल्लोद गेलं, बेटमा गेलं. दर थोड्या वेळाने ती विचारायची, "आई, मी दिसते ना?"

"दिसतेस."

मी हर्षितला गाडीतला दिवा लावायला सांगितला. "दिसतेस," मी म्हणायचे, तिच्या डोळ्यांत बघून. इंदूरचा बायपास लागला तशी तिची मान कलंडली. झोप लागता लागता ती पुटपुटली, "आणि त्या?"

मी शेजारच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग ते उचलून माझ्या पायाशी ठेवलं आणि शेजारची जागा रिकामी केली.

हर्षितने आरशातून पाहिलं. "ताई, जगह कम पड़ रही है क्या?"

"नाही," मी म्हणाले. "आता झाली."